शेवटची शिवण घरची

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या पाच कंदिलाजवळ तयार पडदा मागितला, की दुकानदार रंगाआधी माप विचारतो: पाच फुटी, सात फुटी की नऊ फुटी? पाच फुटी खिडकीचा, सात फुटी दाराचा, नऊ फुटी उंच दाराचा. रुंदी साधारण चार फूट ठरलेली. बाळासाठी म्हणून वेगळे माप या यादीत नाही. ज्या घरात पाळणा हलणार असतो, त्या घरातली बाई यातलाच एक स्वस्त पडदा घेते आणि घरी नेऊन त्याला कात्री लावते. लांबी कमी करते, आतून अस्तर जोडते, एखाद्या जुन्या साडीचा काठ तळाशी लावते, कधी हत्ती-मोर कापून वर टाचते. वरवर पाहता ही महागाईच्या काळातली काटकसर वाटते, आणि बाळाची खोली सजवण्याची हौस तर अगदी अलीकडची, शहरातून आलेली वाटते. माझे म्हणणे वेगळे आहे. दुसऱ्या कुणासाठी, दुसऱ्या कामासाठी तयार झालेले कापड घेऊन ते घरच्या हाताने बाळासाठी वळते करणे, ही खान्देशातली जुनी आणि सलग चालत आलेली रीत आहे. गेल्या दीडशे वर्षांत इथला कापूस कुठे गेला आणि कापड कुठून आले याचा हिशेब मांडला, तर या रीतीत गरिबीपेक्षा मोठे काही दिसते: कापडाच्या सगळ्या प्रवासात घराच्या ताब्यात उरलेला एकमेव टप्पा म्हणजे ही शेवटची शिवण.

सुरुवात घरापासून करावी लागते, कारण पडदा हा आधी घराच्या बांधणीचा प्रश्न आहे. खान्देशातले जुने घर धाब्याचे. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा थर; पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, म्हणजे गळती थांबते. अशा घराला खिडक्या फार नसत. भिंतीत उंचावर एखादा झरोका, आणि उजेड-वाऱ्याची मुख्य वाट म्हणजे दार. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ही बांधणी किती शहाणपणाची होती ते कळते: ऊन आत यायला वाटच नाही. म्हणजे खिडकीचा पडदा या घराला लागतच नव्हता. कापड टांगले जाई ते दाराला, आणि तेही बारा महिने नव्हे. घरात बाळंतीण असली की तिच्या खोलीच्या दाराशी जुने लुगडे किंवा धोतर आडवे लागे. आत शेगडी, शेक, ओवा-वावडिंगाची धुरी. बाहेरची झुळूक बाळाला लागू नये, येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्ट पडू नये, आणि सोयराचे दिवस असल्याने ती खोली घरापासून वेगळी राहावी, अशी तिन्ही कामे ते एक कापड करी. या प्रथेचे कौतुकच करावे असे नाही. कोंडलेली, धुराने भरलेली बाळंतिणीची खोली आई-बाळाच्या जिवाला बाधते, हे डॉक्टर आणि सुधारक सांगत आले आणि त्यांचे बरोबर होते. पण माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे हे, की तो दारावरचा पडदा कुणी विकत आणत नव्हते. तो लुगड्यातून निघे.

लुगड्यातून म्हणजे कसा, हे जवळून पाहायला हवे. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट कापड. ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्या-उठण्याचा, कासोट्याचा भाग आधी विरतो, काठ आणि पदर मागे टिकतात. मग बाई त्याला दंड घालते, म्हणजे विरलेला मधला पट्टा कापून काढते, धड टोके एकमेकांना जोडते आणि लुगडे आणखी काही काळ नेसते. दंड घातलेले लुगडेही नेसवेनासे झाले, की त्याचे तुकडे होतात, आणि हे तुकडे करण्यातच सारी हुशारी आहे. सर्वांत मऊ, बऱ्याच धुण्यांनी पातळ झालेला भाग दुपट्यांना आणि लंगोटांना. मजबूत लांब पट्टा झोळीला, कारण तिच्यावर बाळाचे वजन पडायचे असते. मध्यम भाग गोधडीच्या थरांना. काठ वेगळे उसवून गोधडीच्या किंवा कुंचीच्या कडेला, नाहीतर दारावरच्या पडद्याच्या तळाशी. जाड काठाच्या वजनाने कापड वाऱ्यावर उडत नाही. सात फुटी दाराला लुगड्याचा साधारण चौथा हिस्सा लागतो. उरलेल्या तीन हिश्शांत बाळाचे पहिले काही महिने निघतात. या वाटणीचे पुस्तक कुणी लिहिले नाही, पण कोणता तुकडा कुठे जायचा याचे नियम पक्के होते आणि ते सासू-आईकडून शिकले जात. याला नुसते ‘फाटक्यातून भागवणे’ म्हटले तर त्यातला विचार आपण पुसून टाकतो. बाळाच्या अंगाला पहिले कापड जुने लावायचे, कोरे नाही, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे; तिला दृष्टीचे कारण दिले जाते, पण खळ असलेल्या कोऱ्या कापडाने नवजात कातडी सोलवटते हे साधे कारणही तिच्या पोटात आहे.

आता कापसाकडे वळू. खान्देशची काळी जमीन कापसाची, पण तो कापूस बाहेरच्या बाजारासाठी पिकवायचा असे ठरले ते प्रामुख्याने १८६० नंतर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. खान्देशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी गावठी वाणाच्या जागी हिंगणघाटचे बियाणे रुजवण्याचा धडाका लावला. पुढे १९०० मध्ये धुळे-चाळीसगाव फाटा सुरू झाला आणि त्याच सुमारास तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे अमळनेर-जळगावला मिळाली. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी गावे भरली. इथून रुई गाठींत बांधून जाई आणि परत येई ते कापड होऊन, मँचेस्टरचे किंवा मुंबईचे, कुणा दुसऱ्याच्या मापाने विणलेले. कापूस पिकवणाऱ्या घराला आपल्या कापडाची रुंदी, पोत, वीण यांतले काहीही ठरवता येत नव्हते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. खान्देशात पूर्वी आपले विणकर होते, रंगारी होते. घराला हवे तसे कापड मिळत होते. ते नष्ट झाले म्हणून बायकांना तयार मालावर कात्री चालवावी लागली, मग या लाचारीला परंपरा कशाला म्हणायचे? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी ते जुन्या खान्देशचे मुख्य शहर, आणि सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए तिथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंडपर्यंत जाते असे नोंदवतो. फुले काढलेल्या रंगीत मलमलीचे बुरखे, ओढण्या आणि पलंगपोस होतात असेही तो सांगतो. धरणगाव कापडाची एवढी मोठी पेठ होती की इंग्रजांनी तिथे वखार घातली. फैजपूरची छापील कापडे, निळा आणि लाल रंग यांची ख्याती १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्येही नोंदली गेली. पण या नोंदी नीट वाचल्या तर दिसते की त्या दूरच्या बाजारासाठी बनणाऱ्या मालाच्या आहेत. एक पलंगपोस कैरोच्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाने विणला जाई, तसाच छापील कपडा पेठेच्या मापाने छापला जाई. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी मागावर सूत चढवणारा विणकर तेव्हाही नव्हता, कारण त्या कामाला बाजारच नव्हता. गिरणीने विणकराचे पोट मारले हे दुःख मोठे आहे आणि त्याची भरपाई झालेली नाही. पण बाळाचे कापड घरी वळवण्याची रीत त्या दुःखातून जन्मली असे म्हणता येत नाही. ती आधीची आहे, आणि ती गिरणीपुढे टिकली म्हणूनच लक्ष देण्याजोगी आहे.

टिकली ती कशी, हे गिरण्यांच्या काळात स्पष्ट होते. जळगावात खान्देश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल १८७० च्या दशकात उभी राहिली. मुळजी जेठांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे आणि जळगावच्या महाविद्यालयालाही ते मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप शेठ म्हणजे मोतीलाल माणेकचंद यांची प्रताप मिल आली आणि धुळ्याला न्यू प्रताप मिल. आता कापूस इथला, सूत इथले, कापडही इथले. तरी घरापुढचा प्रश्न बदलला नाही. अशा गिरण्यांचा भर मांजरपाट, धोतरे, जाडसर सुती कापड यांवर. कापड यंत्राच्या रुंदीने निघे आणि वारावर विकले जाई. गिरणीने नवीन काही दिले असेल तर ते म्हणजे भरपूर स्वस्त कापड आणि कटपीस. पूर्वी बाळासाठी लुगडे जुने होण्याची वाट पाहावी लागे. आता मांजरपाटाचा तुकडा घेऊन, दोन-चार वेळा खळ काढून धुतला की तो लंगोटाला, दुपट्याला चाले. गोधडीच्या आतले थर जुने, वरचा नवा, असा मेळ याच काळात सोपा झाला. म्हणजे यंत्राच्या मालाने हातकाम संपले नाही. हातकामाच्या हाती नवा कच्चा माल आला. गिरणीचे कापड आणि घरचे शिवण हे एकमेकांचे शत्रू होते असे गृहीत धरून इतिहास लिहिला, की ही जोडी नजरेतून सुटते.

स्वदेशी आणि खादीच्या चळवळीने इथे एक वेगळी कसोटी आणली. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला झाले. नेहरू अध्यक्ष होते, खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते, आणि अधिवेशनाच्या नगराची सजावट नंदलाल बोस यांनी स्थानिक बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी केली होती. खादीचा आग्रह असा, की धाग्यापासून कापड आपल्या हाताचे हवे. तो आदर्श मोठा होता आणि त्याने अनेकांची आयुष्ये उजळली. पण बहुसंख्य घरांना धागा हाताचा परवडला नाही, वेळेने आणि पैशानेही. त्यांच्या हाती फक्त शेवटचा टप्पा राहिला. मला नंदलाल बोसांची सजावट या संदर्भात फार बोलकी वाटते. त्यांनी बांबू नव्याने घडवला नाही; जे गावात होते ते घेऊन त्याची मांडणी बदलली. सौंदर्य साधनाच्या दुर्मिळपणात नसून त्याच्या जुळणीत असते, हे ते मोठ्या पटावर करत होते. लुगड्याचा काठ पडद्याच्या तळाला लावणारी बाई ते दोन हातांच्या पटावर करत होती.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४३ मध्ये कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला, गिरणीच्या कापडावर किंमत छापली जाऊ लागली, कापड मोजून मिळू लागले. पुढेही नियंत्रित दराच्या धोतर-साड्या हा सरकारी धोरणाचा भाग बराच काळ राहिला. टंचाईत जुन्या लुगड्याची किंमत वाढते, हे वेगळे सांगायला नको. पण याच दशकांत आणखी एक वस्तू हळूहळू घरात शिरली: शिवणयंत्र. उषा कंपनीची देशी यंत्रे १९३५ नंतर बाजारात आली. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून बायकांना शिवणकाम शिकवायची वाट घालून दिली होती. पुढे तालुक्याच्या गावीही शिवणक्लास निघाले. यंत्राने हाताचा धावदोरा संपवला नाही, गोधडी हातानेच घातली गेली. पण दुमड, गोट, अस्तर जोडणे ही लांब सरळ कामे यंत्रावर गेली, आणि मोठे कापड घरी वळवणे शक्य झाले. दुपटे हाताने शिवता येते. सात फुटी पडद्याच्या चार कडा हाताने दुमडायच्या म्हणजे दोन संध्याकाळी जातात.

हे यंत्र उपयोगी पडायला घराने बदलावे लागले, आणि ते बदलले. धाब्याच्या जागी पत्रा, मग विटा-सिमेंट, मग स्लॅब. भिंती पातळ झाल्या, खिडक्या मोठ्या आणि काचेच्या झाल्या. जी ऊनबंदी पूर्वी दीड-दोन हात जाड माती करत होती, ती आता कापडाने करायची पाळी आली. बाळंतपण दवाखान्यात गेले, शेगडीची अंधारी खोली मोडली, आणि ते फार बरे झाले. पण बाळाच्या झोपेला लागणारी मंद सावली कुठून आणायची हा प्रश्न नव्याने उभा राहिला. खान्देशातल्या बहुतेक घरांत बाळाला स्वतंत्र खोली नसते. आईच्या पलंगालगतचा कोपरा, एक खिडकी, एक पाळणा किंवा छताच्या कडीला लावलेली झोळी. त्या एका खिडकीला पडदा हवा. तोवर जळगावची खान्देश मिल बंद पडली होती. तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. सुरतेहून धुळ्यामार्गे जळगावला येणाऱ्या महामार्गाने पॉलिस्टरचे तयार पडदे येऊ लागले, वर स्टीलच्या रिंगा ठोकलेले, पाच-सात-नऊच्या मापातले. कापूस अजून इथे पिकतो, आणि बाळाच्या खिडकीवर लागतो तो पेट्रोलियमपासून काढलेला धागा. या उलट्या व्यवहाराची खंत मला मनापासून वाटते.

आणि तरीही त्या पडद्याचे घरी काय होते ते पाहा. सात फुटी पडदा पाच फुटी खिडकीला घेतला जातो, कारण दोन फूट उरवायचे असतात. रिंगांची बाजू तशीच ठेवून खालून कापतात. रिंगा उसवून पुन्हा बसवणे घरच्याला जमत नाही. पॉलिस्टर पातळ असते, दुपारचे ऊन त्यातून सरळ येते. म्हणून आतून जुन्या सुती साडीचे किंवा धुतलेल्या चादरीचे अस्तर लागते. अस्तर तळाशी न जोडता बोटभर आखूड आणि सुटे ठेवतात, कारण धुतल्यावर सुती कापड आटते, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही एकत्र शिवले तर पहिल्या धुण्यात पडदा गोळा होतो. तळाला काठ, वजनासाठी. उरलेल्या दोन फुटांतून पाळण्याच्या कडेला बांधायची झालर किंवा खेळण्यांची पिशवी निघते. वर टाचलेल्या चित्रांत मणी-टिकल्या लावत नाहीत, त्या निसटून बाळाच्या तोंडात जाण्याची भीती असते. पडद्याची दोरी पाळण्यापासून हातभर दूर आणि उंच बांधतात, आणि कापड पाळण्यात लोंबू देत नाहीत. लुगड्याच्या वाटणीत जे नियम होते तेच इथे आहेत: कुठले कापड अंगाला, कुठले उन्हाला, कुठले वजनाला. माल बदलला, विचार तोच राहिला.

सर्वांत कठीण आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. या सगळ्याचे कौतुक म्हणजे बायकांच्या बिनपगारी कष्टांचे कौतुक नाही का? दिवसभर शेतात किंवा नोकरीत राबून रात्री यंत्रावर बसणाऱ्या बाईला हा वारसा म्हणून सांगणे तिच्यावरचे ओझे गोड करून दाखवणे नव्हे का? हा धोका खरा आहे. गोधडीची प्रशंसा करणाऱ्या लेखनात ती कुणी, किती रात्री जागून घातली हे क्वचितच येते. पण या कष्टांकडे दुर्लक्ष करून ते हलके होत नाहीत. उलट, शिवणाची किंमत शून्य धरली गेली म्हणूनच ते फुकट मिळत राहिले. बाजारात तयार पडद्याला अस्तर लावून देणारा शिंपी त्याचे दाम घेतो आणि कुणी त्याला हरकत घेत नाही. घरातल्या बाईचे तेच काम मात्र ‘सहज केले’ म्हणून मोजले जात नाही. त्या कामात हिशेब आहे, कापडाचे ज्ञान आहे, तापमानाचे आणि धुलाईचे ज्ञान आहे, हे मान्य केले तरच त्याची मजुरी आणि त्याची वाटणी हा प्रश्न विचारता येतो. घरातल्या पुरुषाने कात्री धरायला शिकावे, ही मागणीही तिथूनच सुरू होते.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे; खान्देशच्या जुन्या कागदांचे जतन तिथे झाले. कापडाचे असे काही झाले नाही, आणि कापड कागदापेक्षा लवकर संपते. ज्या बायकांनी प्रताप मिलच्या मांजरपाटाची दुपटी शिवली, त्यांच्या लेकी-सुना आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या ट्रंकांत अजून गोधड्या आहेत, ज्यांच्या थरांत तीन पिढ्यांची लुगडी ओळखता येतात: हा काठ आजीच्या लग्नातला, हा तुकडा गिरणीचा, हा रेशनवरच्या साडीचा. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या आणि गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींनी या गोधड्यांचे फोटो घेऊन, प्रत्येक थर कुठून आला हे त्या बायकांच्याच तोंडून लिहून घेतले, तर खान्देशच्या कापडाचा एक असा दस्तऐवज तयार होईल, जो कुठल्याही गिरणीच्या दप्तरात नाही. सोबत आजच्या पडद्याचीही नोंद करावी: कुठले माप आणले, किती कापले, अस्तराला काय लावले, आणि उरलेले दोन फूट कुठे गेले.